रोल नंबरवर ठेवलेला पहारा

फायरवॉल म्हणजे काय हे सांगताना बहुतेक पुस्तकांत एकच चित्र असते. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे ढगाच्या आकाराचे इंटरनेट आणि मध्ये विटांची भिंत. चित्र सुटसुटीत आहे, मुलांच्या लक्षातही राहते. पण ते दिशाभूल करणारे आहे. भिंत एकदा बांधली की जागची हलत नाही. घरात नवे कपाट आणले म्हणून ती कपाटामागे जाऊन उभी राहत नाही. फायरवॉलच्या बाबतीत मात्र नेमके असे घडू शकते. संगणकात एक जादा नेटवर्क कार्ड बसवावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि बाहेरच्या दारावरचा पहारा शेजारच्या दारावर जाऊन उभा राहावा! याची वर्दी कोणालाच मिळत नाही.

असे का होते, ते टाळण्यासाठी आजवर कोणते उपाय योजले गेले आणि ते कुठे कमी पडतात, याची चिकित्सा या लेखात करायची आहे. उदाहरणे मुख्यतः लिनक्स या कार्यप्रणालीतली घेतली आहेत, कारण अनेक संस्थांतले सर्व्हर तिच्यावर चालतात आणि तिच्यातले बदल सर्वांसमोर, उघडपणे झालेले आहेत. प्रश्न वरवर तांत्रिक वाटेल. पण त्याच्या मुळाशी नाव, जागा आणि काम या तीन गोष्टींची गल्लत आहे, आणि ती गल्लत कशी होते हे वर्गाची हजेरी घेणाऱ्या कोणालाही सहज कळेल.

पहारेकऱ्याच्या हातातली यादी

भिंतीचे चित्र बाजूला ठेवू आणि त्याऐवजी इमारतीच्या दारांवर नेमलेला पहारेकरी डोळ्यांपुढे आणू. त्याच्या हातात एक यादी आहे. नेटवर्कवरून माहिती लहान लहान पुडक्यांत, म्हणजे पॅकेटच्या रूपात येते. पॅकेट कोठून आले, कोठे जायचे आहे आणि कोणत्या सेवेसाठी आहे हे त्याच्यावरच लिहिलेले असते. ते कोणत्या कार्डातून आत शिरले हे मात्र पॅकेटवर लिहिलेले नसते. ते संगणक स्वतःच पाहतो. हा फरक महत्त्वाचा आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, पण पॅकेट कोणत्या तारेतून आले याबद्दल दूर बसलेल्या माणसाला खोटे सांगता येत नाही. म्हणून फायरवॉलचे अनेक नियम नुसत्या पत्त्यावर विसंबत नाहीत. 'अमुक कार्डातून आलेले पॅकेट' अशी अट त्यांत असते.

लिनक्समध्ये हे काम जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीपासून आयपीटेबल्स ही यंत्रणा करू लागली. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीत तिच्या जोडीला एनएफटेबल्स आली. रीत साधारण सारखीच आहे. यादी वरून खाली वाचायची, जो नियम पॅकेटला लागू पडेल त्याप्रमाणे ते सोडायचे किंवा अडवायचे, आणि एकही नियम लागू पडला नाही तर शेवटी लिहून ठेवलेला सरसकट निर्णय अमलात आणायचा.

आता शाळेच्या संगणककक्षातला एक सर्व्हर घेऊ. त्यात दोन नेटवर्क कार्डे आहेत. एकाला ब्रॉडबँडची तार जोडली आहे, दुसऱ्यावरून स्विचमार्गे कक्षातले वीस संगणक जोडले आहेत. पहिल्या कार्डाचे नाव 'इथ०', दुसऱ्याचे 'इथ१'. 'इथ' हे इथरनेटचे लघुरूप आणि मोजणी शून्यापासून. सर्व्हरवर मुलांच्या फायली आणि निकालपत्रके आहेत. ती कक्षातून उघडता यावीत, बाहेरून नव्हे, एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी यादी दोन प्रकारे लिहिता येते. पहिली यादी म्हणते, 'इथ० मधून येणारे अडवा, बाकीचे सर्व सोडा.' दुसरी म्हणते, 'इथ१ मधून येणारे सोडा, बाकीचे सर्व अडवा.' सर्व्हरने स्वतः बाहेरून मागवलेल्या माहितीची उत्तरे आत येऊ देण्याचा नियम दोन्हींत आहे असे धरून चालू. आज, दोन कार्डे असताना, दोन्ही याद्यांचा परिणाम तंतोतंत सारखा आहे. कोणती बरी हे तपासायला आज काही साधनच नाही. फरक दिसतो तो परिस्थिती बदलल्यावर.

तिसरे कार्ड आल्यावर

समजा, शिक्षककक्षासाठी वेगळी तार हवी म्हणून सर्व्हरमध्ये तिसरे कार्ड बसवले. संगणक सुरू होताना या वेळी नवे कार्ड सर्वांत आधी सापडले. त्यामुळे ते झाले इथ०, ब्रॉडबँडचे कार्ड झाले इथ१ आणि संगणककक्षाचे झाले इथ२. तारा होत्या तिथेच आहेत, फक्त नावे एकेक घर पुढे सरकली आहेत.

पहिल्या यादीचे काय झाले पाहा. ती इथ० वर पहारा देते, म्हणजे आता शिक्षककक्षावर. ब्रॉडबँडची तार 'बाकीचे सर्व' या सदरात गेली आणि मोकळी झाली. दुसऱ्या यादीचे काय? ती इथ१ मधून येणाऱ्यांना सोडते. इथ१ म्हणजे आता ब्रॉडबँड! बाहेरचे आत येऊ शकतात आणि कक्षातली मुले मात्र दाराशी अडकतात. 'परवानगी नसेल ते अडवा' हे धोरण सुरक्षित मानले जाते आणि ते योग्यच आहे. पण ज्याला परवानगी दिली त्याचे नावच दुसऱ्याने घेतले, तर हे सावध धोरणही वाचवत नाही. सुरक्षेच्या अनेक प्रास्ताविक लेखांत ही अट सांगायची राहून जाते.

यावर कोणी म्हणेल, एवढा गोंधळ झाला तर इंटरनेटच बंद पडेल आणि चूक लगेच उघडकीस येईल. अर्धे खरे आहे. कार्डांना द्यायचे पत्तेही नावांवरच बेतलेले असतात, त्यामुळे नावे सरकली की जोडणी तुटते आणि तक्रार येते. दुरुस्तीसाठी आलेला माणूस पत्ते नव्या नावांना जुळवतो, इंटरनेट चालू होते. पहिली यादी असेल तर आता तक्रार करायला कोणी उरतच नाही. दुसरी असेल तर मुलांचे संगणक अडलेले दिसतात, म्हणून तो 'इथ२ मधून येणारेही सोडा' असा एक नियम वाढवतो. तोही चालतो. इथ१ चा जुना नियम तसाच राहतो, कारण त्याच्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही.

या विषयाचे मर्म इथे आहे. चालणारे बंद पडले तर कोणीतरी ओरडतो. अडवणारे बंद पडले तर कोणीच ओरडत नाही, कारण ज्याला आत यायचे होते तो तक्रार करायला येत नाही. म्हणून जोडणीतल्या चुका दुरुस्त होत राहतात आणि पहाऱ्यातल्या चुका साचत जातात.

रोल नंबर

इथ०, इथ१ ही नावे लिनक्सचा गाभा देतो. ज्या क्रमाने कार्डे सापडतील त्या क्रमाने आकडे. ही पद्धत म्हणजे थेट वर्गातला रोल नंबर. वर्षाच्या सुरुवातीला मुले आडनावाप्रमाणे लावली आणि नंबर दिले. पुढच्या वर्षी 'आपटे' नावाची एक मुलगी नव्याने दाखल झाली की तिच्यामागच्या सर्वांचे नंबर एकेक घर सरकतात. रोल नंबर हजेरीपुरता सोयीचा आहे. पण 'रोल नंबर सातला शेंगदाणे चालत नाहीत' अशी सूचना कोणी डब्यांच्या खोलीत कायमची लावून ठेवली, तर पुढच्या वर्षी काय होईल हे सांगायला नको.

एका कार्डाच्या काळात या पद्धतीने कोणाचे बिघडत नव्हते. दोन कार्डे असली तरी ती ठरलेल्या क्रमाने सापडत. पुढे कार्यप्रणाली उपकरणे एकाच वेळी, समांतर तपासू लागली. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून हे आवश्यकच होते. पण त्यामुळे कोणते कार्ड आधी सापडेल हे यंत्राच्या त्या दिवशीच्या घाईवर ठरू लागले. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन कार्डे असली, तर काही हात न लावताही नावांची अदलाबदल होण्याची शक्यता निर्माण झाली.

पहिला उपाय : जनरल रजिस्टर

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. नेहमीच्या रचनेत त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाचे असतात, उरलेले त्या कार्डाचे. हा म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरातला नंबर. मूल कोणत्याही तुकडीत गेले तरी तो बदलत नाही. २००० नंतरच्या दशकात लिनक्सच्या अनेक वितरणांनी याचाच आधार घेतला. कार्ड पहिल्यांदा दिसले की त्याचा मॅक पत्ता आणि त्याला मिळालेले नाव एका फायलीत लिहून ठेवायचे, आणि पुढे दर वेळी तेच नाव द्यायचे. नवे कार्ड आले तर त्याला पुढचा आकडा.

नवे कार्ड वाढवण्याच्या आपल्या प्रश्नाला हा उपाय चांगला लागू पडला, हे मान्य केले पाहिजे. जुनी नावे जागच्या जागी राहिली. पण कार्ड जळाले आणि त्याच स्लॉटमध्ये तसेच दुसरे बसवले, तर रजिस्टरच्या लेखी तो नवा विद्यार्थी. इथ० हे नाव गेलेल्या कार्डासाठी राखीव राहते आणि नवे कार्ड इथ२ होते. एका सर्व्हरची डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली किंवा आभासी संगणकाची नक्कल केली, तरी हेच घडते. शिवाय फाइल ज्या नावांचे वाटप करत होती तीच नावे गाभाही आपल्या परीने वाटत होता. एकाच खुर्चीवर दोघांनी नाव घालावे तसे व्हायचे, आणि घाईत एखादे कार्ड भलतेच तात्पुरते नाव घेऊन अडकून पडायचे.

दुसरा उपाय : बाकाचा नंबर

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडी या यंत्रणेच्या १९७ व्या आवृत्तीने वेगळी वाट धरली. नाव ठरवायचे ते कार्ड कोठे बसले आहे यावरून. मदरबोर्डवरच्या कार्डाला 'ईएनओ१' अशा धर्तीचे नाव आणि स्लॉटमधल्या कार्डाला 'ईएनपी३एस०' अशा धर्तीचे. यातला ३ म्हणजे पीसीआय या अंतर्गत जोडणीवरचा बसचा क्रमांक. या पद्धतीला निर्मात्यांनी नाव दिले 'भाकीत करता येण्याजोगी नावे'. पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या वितरणांनी ती स्वीकारली. डेबियनमध्ये ती २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून आली.

हा बाकाचा नंबर झाला. तिसऱ्या रांगेतला पहिला बाक. त्यावर कोणीही बसो, बाकाचे नाव तेच. जळालेले कार्ड बदलले तरी नाव टिकते, आणि त्यासाठी डिस्कवर काही लिहून ठेवावे लागत नाही. हे दोन्ही गुण खरे आहेत.

आक्षेप आहे तो 'भाकीत करता येण्याजोगी' या विशेषणावर. बसचे क्रमांक कोणी धातूवर कोरलेले नसतात. संगणक सुरू होताना यंत्र आपल्या जोडण्या एकामागून एक तपासते आणि भेटतील तसे क्रमांक देत जाते. अनेक यंत्रांत रिकाम्या स्लॉटला क्रमांक मिळतच नाही. मग त्या रिकाम्या स्लॉटमध्ये काहीही बसवा, अगदी ग्राफिक्सचे कार्ड किंवा नवी एनव्हीएमई डिस्क, त्याच्या पुढच्या सर्वांचे क्रमांक वाढू शकतात. कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते. वर्गात पुढे बाकांची एक नवी रांग लावावी आणि तिसरी रांग चौथी व्हावी, तसेच हे.

आता आपली दुसरी, सावध यादी या नावांत लिहून पाहा. बाहेरचे कार्ड ईएनपी२एस०, कक्षाचे ईएनपी३एस०, आणि नियम 'ईएनपी३एस० मधून येणारे सोडा'. क्रमांक एकाने सरकले की बाहेरचे कार्ड ईएनपी३एस० होते. परवानगी बाहेरच्याला मिळते. रोल नंबरचा जुना दोष नवा पोशाख घालून परत आला. तो आता क्वचित घडतो हे खरे. पण क्वचित घडणारा दोष शोधायला अधिक कठीण असतो, आणि नावातच 'भाकीत' असल्यावर शोधायला कोण जाणार? शिवाय नावे बनवण्याचे नियमही आवृत्तीगणिक बदलत गेले. ते विशिष्ट आवृत्तीवर गोठवून ठेवण्याची सोय २०१८ मध्ये वेगळी द्यावी लागली. ज्या नावांचे भाकीत करता येते त्यांना अशी सोय लागू नये.

तिसरा उपाय : काम

रोल नंबर, रजिस्टर नंबर आणि बाकाचा नंबर या तिन्हींतून एक गोष्ट कळत नाही. वर्गाचा मॉनिटर कोण? ते या मुलाचे काम आहे, त्याची ओळख नव्हे आणि जागाही नव्हे. फायरवॉलला नेमके हेच हवे असते. 'बाहेरची तार कोणती?' हा तिचा प्रश्न आहे. कोणती तार बाहेर जाते हे कार्डाच्या अंगावर कोठेच लिहिलेले नसते. तार कोणी आणि कोठे जोडली यावर ते ठरते, आणि ते माणसालाच सांगावे लागते. म्हणून नावे देण्याची यंत्रणा कितीही हुशार केली तरी हा प्रश्न तिच्याकडून सुटणार नाही. चुकीच्या जागी उत्तर शोधत राहिलो, ही या साऱ्या प्रयत्नांवरची माझी मुख्य टीका आहे.

काम हाच आधार मानणाऱ्या व्यवस्था आहेत. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या पीएफ या फायरवॉलमध्ये कार्डांचे गट करता येतात आणि नियम गटावर लिहिता येतो. बाहेर जाण्याचा नेहमीचा मार्ग ज्या कार्डावरून आहे, ते 'ईग्रेस' या गटात आपोआप जाते. राउटरसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नियम 'लॅन' आणि 'वॅन' अशा विभागांवर असतात आणि कोणते कार्ड कोणत्या विभागात हे वेगळे लिहिलेले असते. लिनक्सवरची फायरवॉलडी हीच पद्धत वापरते. जे कार्ड कोणत्याच विभागात घातलेले नाही ते ठरलेल्या सर्वसाधारण विभागात जाते. विंडोजमध्ये व्हिस्टापासून नेटवर्कच खाजगी, सार्वजनिक किंवा संस्थेचे असे ओळखले जाते आणि अनोळखी नेटवर्क सार्वजनिक धरले जाते. त्यामुळे घरी राउटर बदलला की प्रिंटर अडल्याची तक्रार येते. पण ती तक्रार येते, हाच तिचा गुण!

यांतही तपासण्याजोगे बरेच आहे. नियमांच्या सुरुवातीला 'बाहेर = इथ०' असे एक चलपद ठरवून पुढे सगळीकडे 'बाहेर' लिहिण्याचा सल्ला अनेक मार्गदर्शिकांत असतो. वाचायला ते बरे आहे, पण गाठ अजून इथ० शीच बांधलेली आहे, फक्त नजरेआड गेली आहे. 'सर्वसाधारण विभाग' किती कडक आहे हेही पाहावे लागते. फेडोरा या वितरणाच्या वर्कस्टेशन आवृत्तीत २०१४ पासून हा विभाग १०२५ पासून ६५५३५ पर्यंतची दारे आत येणाऱ्यांसाठी उघडी ठेवतो. घरच्या संगणकाची सोय म्हणून ते ठरवले गेले, पण सर्व्हरवर ती सवय नको. ईग्रेस गटाचेही तसेच. बाहेरचा मार्ग कोणता हे चुकले, तर गटही चुकीच्या कार्डामागे जातो.

बिघडायचेच असेल तर कसे?

एमआयटीतले जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात रचनेची आठ तत्त्वे सांगितली आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा : प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारावा, मनाईवर नव्हे. त्यामागचे कारण आजही वर्गात सांगण्यासारखे आहे. परवानगी देणारी यंत्रणा चुकली तर ती हक्काच्या माणसाला अडवते आणि चूक चटकन कळते. मनाई करणारी यंत्रणा चुकली तर ती परक्याला सोडते, आणि रोजच्या वापरात ते लक्षातही येत नाही. लिफ्टची तार तुटली तर ब्रेक आपोआप लागावेत, सुटू नयेत, हाच विचार.

या कसोटीवर दोन प्रसिद्ध यंत्रणा पाहू. आयपीटेबल्समध्ये अस्तित्वात नसलेल्या कार्डाच्या नावाचा नियम लिहिला तरी तो विनातक्रार स्वीकारला जातो. 'इथ०' चे 'इश०' झाले तरी कोणी विचारणार नाही. यात हेतू आहे. फोन किंवा मॉडेम नंतर जोडला जातो, त्याचा नियम आधी लिहिता आला पाहिजे. पण चुकीचे नाव आणि अजून न आलेले नाव यांतला फरक पुसला जातो.

एनएफटेबल्समध्ये दोन पर्याय आहेत. एका पर्यायात नावाची अक्षरे जुळवली जातात. दुसऱ्यात नियम दाखल होतानाच नावाचे रूपांतर कार्डाच्या अंतर्गत क्रमांकात होते. हा पर्याय जलद आहे, आणि कार्ड नसेल तर दाखल करतानाच चूक दाखवतो. कडक तपासणी, म्हणजे चांगलीच की! पण पुढे पाहा. एनएफटेबल्समध्ये नियमांची फाइल एक तर पूर्ण लागू होते किंवा मुळीच होत नाही. संगणक सुरू होताना एका कार्डाचे नाव बदललेले असले, तर पूर्ण यादीच नाकारली जाते. आणि यादीच नसली तर लिनक्सचा गाभा या संगणकाकडे येणारे प्रत्येक पॅकेट सोडतो. एका नावाची चूक पकडण्याच्या कडकपणातून सगळी दारे उघडी पडतात. ओपनबीएसडीने इथे शहाणपणाची रचना केली आहे. संगणक सुरू होताना आधी एक छोटी, कडक, तात्पुरती यादी लागू होते आणि मग खरी यादी वाचली जाते. खरी वाचता आली नाही तर तात्पुरती कायम राहते. बिघाड झाला तरी दार बंदच. एवढी साधी गोष्ट प्रत्येक वितरणात मुळातच असायला हवी होती.

आणि कार्ड वाढवायला आता पेचकस लागत नाही, हेही ध्यानात घ्या. ब्रॉडबँड बंद पडले म्हणून कोणी आपला मोबाइल यूएसबीने सर्व्हरला जोडला, की गाभ्याच्या दृष्टीने एक नवे कार्ड आले. व्हीपीएन सुरू केला की आणखी एक. डॉकरसारखी आज्ञावली बसवली की ती स्वतःची आभासी कार्डे उभी करते आणि आयपीटेबल्सच्या यादीत स्वतःचे नियमही घालते. 'इथ० अडवा, बाकी सोडा' म्हणणाऱ्या यादीच्या लेखी हे सगळे 'बाकी' असतात.

तीन प्रश्न

या सर्व चर्चेतून शिक्षकांनी आपल्या संगणककक्षाची देखभाल करणाऱ्याला विचारावेत असे तीन प्रश्न निघतात.

पहिला : ज्याचा नियमात उल्लेख नाही अशा कार्डातून काही आले तर ते अडते की सुटते? उत्तर 'अडते' असेच हवे.

दुसरा : नियमात लिहिलेले नाव दुसऱ्या कार्डाकडे जाऊ शकते का? सिस्टिमडीत यावर उपाय आहे. एका छोट्या फायलीत मॅक पत्ता लिहून त्या कार्डाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. पंधरा अक्षरांपर्यंत रोमन लिपीत 'बाहेर', 'कक्ष' असे काहीही चालते. मात्र 'इथ' किंवा 'ईएनपी' या धर्तीचे नाव देऊ नये, कारण ती नावे यंत्रही वाटत असते. कार्ड बदलले तर 'कक्ष' हे नाव कोणालाच मिळत नाही, पहिल्या प्रश्नाचे उत्तर योग्य असेल तर सगळे अडते, आणि चूक ओरडून पुढे येते. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच यादी सुरक्षित आहे. एकटी कोणतीही पुरत नाही, हे वरच्या उदाहरणांत आपण पाहिलेच.

तिसरा, आणि सर्वांत कमी विचारला जाणारा : कार्ड बसवल्यानंतर अडवणे तपासले का? इंटरनेट चालते हे पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. बाहेरच्या तारेवर आपलाच एखादा लॅपटॉप जोडून, जे मिळायला नको ते मागून पाहावे लागते. मिळाले नाही तर पहारा जागेवर आहे. ही तपासणी फक्त आपल्याच यंत्रणेवर आणि मुख्याध्यापकांना सांगून करावी. फार तर दहा मिनिटांचे काम आहे, पण कार्ड, डिस्क, मोबाइल किंवा नवी आवृत्ती, काहीही आले की ते पुन्हा करायला हवे.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की एखादे विधान खरे मानायचे तर ते खोटे ठरू शकेल असा प्रयोग करून पाहा. 'आमच्याकडे फायरवॉल आहे' हेही एक विधानच आहे. अकरावीच्या वर्गात रोल नंबर, रजिस्टर नंबर, बाक आणि मॉनिटर या चार चिठ्ठ्या वाटून, मध्येच एक नवा विद्यार्थी बसवून, हा सगळा खेळ वीस मिनिटांत उभा करता येतो. कोणती सूचना चुकीच्या मुलापर्यंत पोचली आणि ती चुकल्याचे कोणाच्या लक्षात आले, एवढेच शेवटी विचारा. भिंतीच्या चित्रातून जे कळत नाही ते मुलांना या खेळातून कळेल.